व्हिक्टोरियाकालीन रसायनशास्त्राचा वर्ग उभा करायचाय: चित्रं, प्रयोग आणि लाकडी अणू

रंगनळी

नमस्कार मंडळी. आमच्या महाविद्यालयाच्या विज्ञान प्रदर्शनात यंदा एका दालनाचा विषय ठरलाय: राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, म्हणजे १८३७ ते १९०१ मधला, इंग्लंडमधला रसायनशास्त्राचा वर्ग. एक लांब टेबल, मागे भिंतभर चित्रं आणि बघणाऱ्यांसमोर करता येतील असे तीन-चार प्रयोग, एवढी जागा मिळाली आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांची स्कॅन केलेली पानं जमवली आहेत, पण काही गोष्टींचा उलगडा होत नाहीये.

पुस्तकांतली ती बारीक रेघांची काळी चित्रं नेमकी कशी छापत? दोन वेगळ्या लेखकांच्या पुस्तकांत तंतोतंत एकच चित्र दिसतं, ते कसं काय? वर्गात शिक्षक करून दाखवायचे किती आणि विद्यार्थी स्वतः करायचे किती? रंगीत लाकडी चेंडूंचे रेणू मांडायचे आहेत, त्यांचे रंग आणि मापं काय ठेवायची? एका पुस्तकात पाण्याचं सूत्र चक्क ‘एचओ’ असं छापलंय, ती छपाईची चूक समजायची का? आणि प्रेक्षकांसमोर कोणते प्रयोग निर्धोकपणे करता येतील? प्रमाणासकट सांगितलंत तर फार मदत होईल.

खिळेजुळारी

चित्रांबद्दल सांगतो. ही बहुतेक सगळी लाकडी ठशांची चित्रं आहेत. ठसा बॉक्सवुडचा, आणि तोही फळीच्या लांबीत न कापता खोडाच्या आडव्या छेदावर कोरलेला. आडव्या छेदात तंतूंची टोकं वर येतात, त्यामुळे कोरणी कुठल्याही दिशेला सारखीच चालते आणि केसाएवढी रेघही तुटत नाही. या झाडाचं खोड बारीक असतं. म्हणून एकसंध ठसा काही इंचांपलीकडे जात नाही, आणि मोठ्या चित्रासाठी दोन-चार तुकडे मागून बोल्टने आवळून जोडावे लागत. तुमच्या पानांत एखाद्या मोठ्या चित्राला सरळ उभी किंवा आडवी पुसट पांढरी रेघ दिसली, तर ती या सांध्याची असते. स्कॅन साफ करताना ती पुसू नका.

रसायनशास्त्राच्या पुस्तकाला लाकडी ठसाच का, हे कळलं की त्या पुस्तकांची सगळी रचना कळते. तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रात शाई खाचेत भरतात आणि वरचा भाग पुसून घेतात. ते छापायला वेगळं यंत्र, ओलसर कागद आणि वेगळं पान लागतं. लाकडी ठशात उलट आहे: जे कोरलं ते पांढरं राहतं, जे उरलं त्याला शाई लागते, अगदी छपाईच्या खिळ्यांसारखी, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांसारखी. ठशाची उंची खिळ्याइतकीच ठेवली, म्हणजे सुमारे ०.९१८ इंच, की चित्र आणि मजकूर एकाच फर्म्यात आवळून एका दाबात छापता येतात. त्यामुळे ‘नळी अ मधून वायू बाटली ब मध्ये जातो’ या वाक्याच्या शेजारीच ती नळी आणि ती बाटली उभी करता आली. विद्यार्थ्याला पान उलटून मागच्या तक्त्यात शोधावं लागत नव्हतं. ती चित्रं शोभेसाठी नव्हतीच. त्यावरून उपकरण जोडता यावं, एवढ्यासाठीच ती काढलेली असत. म्हणून भिंतीवर चित्र लावताना त्याच्या भोवतीच्या मजकुरासकट अख्खं पान लावा, नुसतं चित्र कापून लावू नका.

काच दाखवायची त्यांची एक ठरलेली रीत होती, ती मुद्दाम मोठी करून दाखवण्यासारखी आहे. बाहेरची कड एका रेघेची, उजेड पडतो ती बाजू कोरी, सावलीच्या बाजूला चार-सहा समांतर रेघा. पाणी आडव्या रेघांनी. ज्योत दाखवायची तर तिच्यामागे दाट रेघांची काळसर पार्श्वभूमी, म्हणजे ज्योत कोऱ्या कागदाने उजळते. रेघा फार जवळ कोरल्या तर छापताना शाई मधल्या फटीत भरून काळा डाग होतो. अनेक पुस्तकांत रिटॉर्टच्या (लांब वाकड्या मानेच्या काचपात्राच्या) पोटाखाली असे डाग दिसतात.

आता एकच चित्र दोन पुस्तकांत कसं, ते. १८४० नंतर विजेने तांब्याचा मुलामा चढवून ठशाची नक्कल काढण्याची पद्धत रुळली. लाकडी ठसा मेणात किंवा गटापर्चात (रबरासारख्या चिकात) दाबून साचा घ्यायचा, साच्यावर ग्रॅफाइटची पूड चोळून तो विद्युतवाहक करायचा, मोरचुदाच्या द्रावणात टांगून वीज सोडायची. तांब्याचं पातळ कवच तयार झालं की मागून शिशाच्या मिश्रधातूने भरून ते लाकडी ठोकळ्यावर बसवायचं. मूळ ठसा सुरक्षित राहतो आणि नकला विकता येतात. प्रकाशक एकमेकांना अशा नकला विकत, देशाबाहेरही पाठवत. ज्याला विकत घ्यायच्या नव्हत्या तो छापील चित्रावरून सरळ ठशावर गिरवून घेई, आणि मग चित्र आरशातल्यासारखं उलटं छापलं जाई. एका पुस्तकात नळी उजवीकडे आणि दुसऱ्यात डावीकडे असेल, तर दुसरा ठसा गिरवलेला आहे असं धरायला हरकत नाही. उसनवारीची आणखी एक खूण म्हणजे चित्रात अ, ब, क अक्षरं आहेत आणि मजकुरात त्यांचा उल्लेखच नाही.

रंगीत पान फार क्वचित मिळतं. हेन्री रॉस्को यांच्या १८६६ च्या प्राथमिक रसायनशास्त्राच्या पुस्तकात वर्णपटाचं रंगीत पान आहे, ते दगडी छपाईचं, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. बुन्सेन आणि किर्खहोफ यांचं वर्णपटाचं काम १८५९-६० चं. ते विद्यार्थ्याला काळ्या रेघांत समजावणं शक्यच नव्हतं, म्हणून प्रकाशकाने हा खर्च केला. तुमच्याकडे ते पान असेल तर दालनात मध्यभागी लावा.

स्कॅनबद्दल: ६०० डीपीआयला ग्रेस्केलमध्ये घ्या, टिफ म्हणून ठेवा. जेपीजीत बारीक रेघांभोवती धूसर कचरा येतो आणि मोठं केल्यावर तोच आधी डोळ्यांत भरतो. तिपटीपेक्षा जास्त मोठं करू नका आणि चकचकीत कागद टाळा.

चुन्याची निवळी

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल लिहिते. दोन वेगळ्या जागा डोळ्यांसमोर ठेवा: व्याख्यानाचं सभागृह आणि प्रयोगशाळा. शतकाच्या पूर्वार्धात बहुतेकांच्या वाट्याला पहिलीच येई.

सभागृहाचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे लंडनमधली रॉयल इन्स्टिट्यूशन. तिथे नाताळात मुलांसाठी व्याख्यानं १८२५ पासून सुरू झाली. मायकेल फॅरडे यांनी मेणबत्तीवरची सहा व्याख्यानं १८४८ मध्ये आणि पुन्हा १८६०-६१ च्या नाताळात दिली. दुसऱ्या खेपेची विल्यम क्रुक्स यांनी संपादित करून पुस्तकरूपाने काढली. तुमच्या टेबलावर हीच व्याख्यानं उभी करा असं मी सुचवेन. सामान स्वस्त आहे, आणि प्रत्येक प्रयोग आधीच्या प्रयोगातून निघालेला प्रश्न पुढे नेतो. त्या काळच्या शिकवण्यात हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

पहिला प्रयोग: ज्योतीतून वाफ बाहेर काढणं. मेणबत्ती चांगली जाड, वात स्थिर जळत असलेली हवी. ६ ते ८ मिमी आतल्या व्यासाची, १२-१५ सेंमी लांबीची काचेची नळी किंचित वाकवून घ्या. खालचं टोक वातीच्या लगेच वर, ज्योतीच्या काळसर भागात धरा. दुसऱ्या टोकातून पांढरट धूर येईल, त्याला काडी लावली की तिथे दुसरी छोटी ज्योत पेटते. बिघडतं कुठे? नळी लांब किंवा थंड असली तर मेण आतच गोठतं आणि टोकापर्यंत काही पोचत नाही. म्हणून आधी नळी गरम करून घ्या. नळी वरच्या पिवळ्या भागात गेली तर पांढऱ्या धुराऐवजी काजळी येते आणि ती पेटत नाही. फॅरडे ही दोन्ही टोकं मुद्दाम दाखवत: काळ्या भागात मेणाची वाफ, तेजस्वी भागात कार्बन. तुम्हीही दोन्ही दाखवा. दारं-पंखे बंद ठेवा, ज्योत हलली की हा प्रयोग संपलाच.

दुसरा: मेणबत्तीतून पाणी. स्टीलच्या वाटीत बर्फ आणि मीठ घालून तळ कोरडा पुसून घ्या आणि ज्योतीच्या थोडा वर धरा. तळाला थेंब जमतात. ‘हे हवेतलंच पाणी’ असा आक्षेप हमखास येतो, आपल्याकडच्या दमट हवेत तर रास्तच आहे. तशीच दुसरी वाटी ज्योतीशिवाय शेजारी धरा आणि दोन्हींवर थेंब जमायला लागणारा वेळ मोजा.

तिसरा: चुन्याची निवळी. विरलेला चुना साधारण २ ग्रॅम एक लिटर पाण्यात ढवळून बाटली बंद करून रात्रभर ठेवा, सकाळी वरचं स्वच्छ पाणी हलक्या हाताने काढा. पानाचा चुनाही चालतो. लिटरमध्ये जेमतेम पावणेदोन ग्रॅमच विरघळतो, त्यामुळे जास्त घालून काही साधत नाही. मेणबत्तीवर उलटं नरसाळं धरून रबरी नळीने आणि छोट्या पंपाने तो वायू निवळीतून ओढा, ती दुधाळ होते. पंप फार वेळ चालू ठेवला तर दुधाळपणा जाऊन ती पुन्हा स्वच्छ होते, कारण न विरघळणाऱ्या कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट बनतं. तेव्हा दुधाळ झाली की थांबा. मात्र कुणी रसायनशास्त्राचा विद्यार्थी समोर असेल तर पुढेही जाऊन दाखवा. बाटली उघडी ठेवली तर हवेनेच वर साय धरते, रोज ताजी करा.

ऑक्सिजनसाठी मात्र त्या काळची कृती अजिबात करू नका. पुस्तकांत पोटॅशियम क्लोरेटचे चार भाग आणि मँगनीज डायऑक्साइडचा एक भाग, वजनाने, तापवायला सांगितलेलं असतं. रसायन बरोबर आहे. पण मँगनीजच्या काळ्या पुडीत कोळशाची किंवा काजळीची भेसळ निघाली की ते मिश्रण तापवताना स्फोट होतो. दोन्ही पुडी काळ्याच, डोळ्यांना फरक कळत नाही. त्या काळी जाणती माणसं नवीन पुडीची चिमूटभर आधी परीक्षानळीत तपासून घेत. त्याऐवजी औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या, त्यावर ‘१० व्हॉल्यूम’ लिहिलेलं असतं, म्हणजे १ मिलीतून १० मिली वायू. ५० मिलीत अर्धा ग्रॅम मँगनीज डायऑक्साइड टाकलं की सुमारे अर्धा लिटर ऑक्सिजन मिळतो. पहिला बुडबुड्यांचा लोट हवेचा असतो, तो जाऊ द्या. पाण्यावर गोळा करा आणि निखारा धरलेली उदबत्ती आत घाला.

टाकणखार

वरच्या प्रतिसादाला जोडून प्रयोगशाळेची बाजू.

विद्यार्थ्याने स्वतः हात चालवायचा, ही शिस्त आली जर्मनीतून, गीसेनला रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या प्रयोगशाळेतून. १८४५ मध्ये लंडनला रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्री निघालं आणि लीबिगचेच शिष्य ऑगस्ट विल्हेल्म हॉफमान तिथे आले. त्यांचाच विद्यार्थी विल्यम पर्किन, ज्याला १८५६ मध्ये जांभळा कृत्रिम रंग सापडला. पुढे सरकारच्या विज्ञान-कला विभागाने १८५९ पासून परीक्षांच्या निकालावर शिक्षकांना पैसे द्यायला सुरुवात केली. त्याने रसायनाचे वर्ग गावोगाव निघाले, पण शिकवणं परीक्षेपुरतं घट्ट झालं, हेही खरं.

प्रयोगशाळेतला बहुतेक वेळ जाई तो गुणात्मक विश्लेषणात. एक अनोळखी क्षार मिळायचा, त्यातले धातू ओळखायचे. आपल्या बी. एस्सी.ला आजही जो तक्ता असतो, तो मूळचा तिथलाच. आधी हायड्रोक्लोरिक आम्ल: चांदी, शिसं, एकसंयुजी पारा खाली बसतात. मग आम्लधर्मी द्रावणातून हायड्रोजन सल्फाइड: तांबं, बिस्मथ, कॅडमियम, अर्सेनिक, अँटिमनी, कथील. मग अमोनिया, अमोनियम सल्फाइड, अमोनियम कार्बोनेट. तक्ता भिंतीवर मोठा लावाल, तर कुठे फसतं तेही बाजूला लिहा, म्हणजे बघणाऱ्याला काम कसं चाले ते कळेल. शिशाचं क्लोराइड पाण्यात थोडं विरघळतं, म्हणून शिसं पहिल्या गटात पूर्ण न अडकता दुसऱ्यात पुन्हा डोकं वर काढतं. द्रावणात आम्ल जास्त झालं तर कॅडमियम दुसऱ्या गटात येतच नाही. हायड्रोजन सल्फाइड उकळून घालवलं नाही आणि नायट्रिक आम्लाने लोखंडाचं ऑक्सिडीकरण केलं नाही, तर तिसऱ्या गटात लोखंड अर्धवटच खाली बसतं. अमोनियाच्या आधी नवसागर घालायचा विसरला की मॅग्नेशियम भलत्याच गटात उतरतं.

हायड्रोजन सल्फाइड दर्शनी प्रयोगात नको, तो वायू विषारी आहे. त्यासाठी १८४४ मध्ये डेल्फ्टच्या पेट्रुस किप यांनी तीन गोळ्यांचं उपकरण काढलं, ते रिकामं मांडा. मधल्या गोळ्यात आयर्न सल्फाइडचे खडे, वरून उतरणारं विरल आम्ल. तोटी बंद केली की साठलेला वायू आम्लाला खाली दाबतो, खडे कोरडे पडतात आणि क्रिया थांबते. नुसत्या चित्रावरून हे कळत नाही, पण रंगीत पाणी भरून आणि फुंकर मारून दाखवलं की लगेच कळतं.

प्रेक्षकांसमोर करायला टाकणखाराचा (बोरॅक्सचा) मणी उत्तम. त्या काळी प्लॅटिनमची तार असे, तुम्ही निक्रोमची घ्या. टोकाला ३ मिमीचं कडं करा, लालबुंद तापवून टाकणखारात बुडवा, पुन्हा तापवा. आधी फुगतो, मग स्वच्छ काचेसारखा मणी होतो. त्यावर कोबाल्ट क्षाराचा एखादा कण, अक्षरशः एक कण, घेऊन ज्योतीच्या बाहेरच्या भागात वितळवा. गडद निळा मणी मिळतो. तांब्याचा मणी बाहेरच्या ज्योतीत गार झाल्यावर निळसर-हिरवा आणि आतल्या भागात तापवला तर लालसर अपारदर्शक. सगळ्यांची एकच चूक होते: क्षार जास्त घेतात आणि मणी काळा पडतो. काळा पडला तर तापवून झटकून टाका आणि नवा करा, त्यात आणखी टाकणखार घालत बसू नका. प्लॅटिनम तारेला शिशाचा क्षार लावू नये असा त्यांचा नियम होता, कारण शिसं प्लॅटिनमशी मिश्रधातू करतं आणि तार तुटते.

शतकाच्या अखेरीस हेन्री आर्मस्ट्राँग यांनी तक्ता पाठ करण्याला कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं, मुलाला प्रश्न द्या, उत्तर त्याला शोधू द्या. त्यांच्या पद्धतीचा मासला म्हणजे लोखंड गंजताना हवेचं काय होतं. १०० मिलीच्या मोजपात्राच्या तळाशी २ ग्रॅम ओलं स्टील वूल कोंबा, पात्र पाण्यात उलटं उभं करा. दोन-तीन दिवसांत पाणी साधारण पाचव्या हिश्शापर्यंत चढतं आणि थांबतं. स्टील वूलला तेल असतं, ते आधी अ‍ॅसिटोनने धुऊन व्हिनेगरमध्ये बुडवून घ्या, नाहीतर गंजच धरत नाही. वाचन घेताना आतली आणि बाहेरची पातळी समान करा. हा प्रयोग प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी लावून ठेवावा लागेल.

दुसरी घंटा

रेणूंच्या चेंडूंबद्दल आणि ‘एचओ’बद्दल.

‘एचओ’ चूक नाही. १८६० पर्यंत, आणि काही पुस्तकांत त्यानंतरही, ऑक्सिजनचा तुल्यभार, म्हणजे एक भाग हायड्रोजनशी संयोग पावणारं त्याचं वजन, ८ धरत. हायड्रोजन १, ऑक्सिजन ८, पाणी ९. फॅरडे यांच्या मेणबत्तीच्या व्याख्यानांतही हेच आकडे आहेत. सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्सरूहला रसायनशास्त्रज्ञांची परिषद झाली, तिथे कानिझारो यांनी अणुभारांची सुसंगत मांडणी पुढे ठेवली, आणि हळूहळू ऑक्सिजन १६, कार्बन १२ रूढ होऊन पाणी ‘एच२ओ’ झालं. जुनं पुस्तक हातात घेतलं की पहिल्यांदा अणुभारांचं कोष्टक उघडा. ऑक्सिजन ८, कार्बन ६, गंधक १६ असेल तर सगळी सूत्रं जुन्या मापाची. याने फार फसगत होते: जुन्या मापात ‘सी२एच४’ म्हणजे मिथेन, आज तेच सूत्र एथिलीनचं. जुन्यात अल्कोहोल ‘सी४एच६ओ२’. कार्बन डायऑक्साइड मात्र दोन्हींत ‘सीओ२’च निघतो, त्यामुळे तेवढ्यावरून काळ ठरवू नका. आणि त्याला ते ‘कार्बनिक आम्ल’ म्हणतात, तेही पाटीवर लिहून ठेवा.

आता चेंडू. हॉफमान यांनी ७ एप्रिल १८६५ ला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या शुक्रवारच्या संध्याकाळच्या व्याख्यानात ते दाखवले. क्रोकेच्या खेळाचे लाकडी चेंडू घेऊन त्यांना भोकं पाडली आणि धातूच्या दांड्यांनी जोडले. हायड्रोजन पांढरा, क्लोरिन हिरवा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, कार्बन काळा. आज प्लास्टिकच्या संचात हेच रंग येतात. जितकी संयोगक्षमता तितक्या दांड्या: हायड्रोजन आणि क्लोरिनला एक, ऑक्सिजनला दोन, नायट्रोजनला तीन, कार्बनला चार.

दोन गोष्टी सांभाळा. सगळे चेंडू एकाच मापाचे, हायड्रोजन लहान करू नका. आणि सगळं सपाट, एका पातळीत. मिथेन म्हणजे मधे काळा चेंडू आणि चार दिशांना चार पांढरे, फुलीसारखा. कार्बनची चतुष्फलकी रचना, म्हणजे चार बंध त्रिकोणी पिरॅमिडच्या चार टोकांकडे, फान्ट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ मध्ये मांडली, त्यामुळे १८६५ च्या टेबलावर चतुष्फलक ठेवलात तर ते कालविसंगत होईल. बाजारातला तयार संच म्हणूनच चालणार नाही.

हायड्रोजन क्लोराइड, पाणी, अमोनिया आणि मिथेन एवढे चारच करा. त्याला पांढरे १० चेंडू, बाकी चार रंगांचा एकेक, असे १४ चेंडू आणि १० दांड्या लागतात. ५० मिमीचे लाकडी चेंडू लाकूड-खरादवाल्याकडून करून घ्या. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे कारागीर रंगासकट करून देऊ शकतील. दांडी ६ मिमी पितळेची, भोक १५ मिमी खोल. भोकं पाडताना चेंडू ‘व्ही’ आकाराच्या खाचेत पक्का धरला नाही तर ड्रिल घसरतं आणि दांड्या तिरक्या बसतात. आधी भोकं, मग रंग. रंग भोकात गेला तर दांडी घट्ट होते, म्हणून काडी खोचून ठेवा.

पाटीवर एवढं नक्की लिहा की हॉफमान अणूचं रूप दाखवत नव्हते, संयोगाचं गणित दाखवत होते. अणू खरोखर असतात का, यावर तेव्हा दोन तट होते. ऑक्सफर्डचे बेंजामिन ब्रोडी यांना हे लाकूडकाम मुळीच मान्य नव्हतं. एडिंबरोचे अलेक्झांडर क्रम ब्राउन यांनी १८६१ च्या सुमारास वर्तुळात अक्षर आणि मधे रेघा अशी सूत्रं काढली, एडवर्ड फ्रँकलंड यांनी ती १८६६ च्या पुस्तकात उचलली, आणि तिथून ती वर्गात पोचली. आचार्य प्रफुल्लचंद्र राय १८८० च्या दशकात याच क्रम ब्राउन यांच्याकडे शिकले. भारतीय दुवा हवा असेल तर हा घ्या.

रंगनळी

सगळ्यांचे मनापासून आभार. अख्खी पानं लावायची हे ठरलं. चेंडूंचं कामही देतो. अजून दोन शंका: मॅजिक लँटर्नवर, म्हणजे काचपट्टीवरचं चित्र पडद्यावर पाडणाऱ्या जुन्या कंदिलावर, रासायनिक क्रिया पडद्यावर दाखवत असं वाचलं, ते कसं? आणि त्या काळी मराठी मुलखात रसायन शिकवलं जात होतं का?

कंदीलवाला

दाखवत, आणि फार परिणामकारक होतं ते. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरची रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशन १८३८ मध्ये उघडली, ती अशा खेळांसाठीच नावाजलेली. नेहमीची काचपट्टी सव्वातीन इंच चौरस. तिच्या जागी उभी काचेची अरुंद कुपी बसवायची: दोन काचा, मधे ‘यू’ आकारात रबरी नळी, दोन बाजूंनी चाप. आत द्रावण, त्यात धातूचा तुकडा. पडद्यावर धातूचं झाड वाढताना दिसे. लँटर्नची प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे वरून सोडलेला थेंब पडद्यावर खालून वर चढतो. काही जण ती सुलटी करायला लोलक (प्रिझम) बसवत.

उजेड लाइमलाइटचा: ऑक्सिजन-हायड्रोजनची ज्योत चुन्याच्या कांडीवर. वायू रबरी पिशव्यांत, पिशव्या फळ्यांमधे, फळ्यांवर वजनं. एका पिशवीवरचा दाब कमी झाला की दुसरीतला वायू उलटा तिच्यात शिरे, आणि मग मोठा स्फोट. कांडीला ज्योतीने खड्डा पडतो म्हणून ती सतत थोडी फिरवावी लागे, आणि दमट हवेत ती विरते म्हणून हवाबंद डब्यात ठेवत.

तुम्ही लाइमलाइटच्या वाटेला जाऊ नका. परीक्षानळीत सिल्व्हर नायट्रेटचं १.७ टक्क्यांचं द्रावण, त्यात पॉलिशपेपरने घासलेली तांब्याची तार, समोर मोबाइलचा कॅमेरा आणि प्रोजेक्टर. काही मिनिटांत चांदीचे तंतू फुटतात, अर्ध्या-पाऊण तासात झाड होतं, द्रावण निळसर होतं. पाणी ऊर्ध्वपातितच हवं. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडने पांढरा गढूळपणा येतो आणि काही दिसत नाही. तारेला वार्निश असेल तर क्रियाच होत नाही. हातमोजे घाला, डाग कातडीवर दिवसेंदिवस राहतात. शिशाचं झाड जास्त प्रसिद्ध होतं, पण शिशाचे क्षार प्रदर्शनात नकोत.

मराठी मुलखाबद्दल: मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं, तिथे हर्बर्ट जिरो रसायनशास्त्र शिकवत. कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीत रसायनशास्त्राची पुस्तकं लिहिली. लँटर्न तर कल्याणच्या पटवर्धनांनी १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ म्हणून गावोगाव नेली, पण तिचे खेळ पौराणिक कथांचे, रसायनाचे नव्हेत. या तिघांना एका छोट्या पाटीवर जागा द्या, विषय इंग्लंडचाच राहू द्या.

खिळेजुळारी

टेबल मांडण्याआधी एक सूचना. कोणत्या साली बसवताय ते ठरवा, मग सामान निवडा. १८५५ च्या आधीचं टेबल असेल तर बुन्सेन बर्नर नको, स्पिरिटचा दिवा ठेवा. शंकुपात्र १८६० नंतरचं. आवर्तसारणी १८६९ ची, आणि वर्गाच्या भिंतीवर यायला तिला आणखी बराच काळ लागला, तेव्हा हॉफमानच्या चेंडूंमागे ती टांगू नका. हवा ओढून गाळायचं बुखनर नरसाळं १८८८ चं. पीएच पेपर तर या काळात बसतच नाही, ती मोजपट्टी १९०९ ची. लिटमस चालेल. बोरोसिलिकेटची जाड काच लांबून ओळखू येते, पण प्रत्यक्ष तापवायच्या नळ्या त्याच वापरा. मांडून ठेवायच्या बाटल्या मात्र साध्या काचेच्या, बुचाच्या झाकणांच्या घ्या. बुचाला भोक पाडायचं असेल तर ते आधी बोटांनी दाबत फिरवून मऊ करा आणि नळीपेक्षा किंचित लहान भोक घ्या. कोरडं बूच चिरतं आणि वायू गळतो. लीबिगचा कंडेन्सर, म्हणजे वाफ गार करून द्रव करायची नळी, कुठल्याही सालात बिनदिक्कत ठेवा.